जुन्या व्हिडिओ गेमची हौशी पुनर्निर्मिती: कॉपीराइट, ट्रेडमार्क आणि नोटिशीची वेळ

रहाटगाडगे (धागाकर्ता)

आमच्या चार जणांच्या गटाने नव्वदच्या दशकातला एक गेम आजच्या संगणकावर चालेल अशा रीतीने पहिल्यापासून नव्याने बांधायला घेतला आहे. मूळ कंपनी अजून व्यवसायात आहे, म्हणून गेमचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही. गेम फुकट वाटायचा, जाहिराती लावायच्या नाहीत आणि मूळ निर्मात्यांचे ऋण पहिल्याच पडद्यावर मान्य करायचे, एवढे ठरले आहे. गटातील दोघांचे म्हणणे असे की पैसे घेत नसल्यामुळे कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आधी मांडतो.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘अनदर मेट्रॉइड २ रीमेक’. मूळ ‘मेट्रॉइड २: रिटर्न ऑफ सॅमस’ हा निन्टेन्डोचा गेम १९९१ साली गेम बॉयच्या करड्या-हिरव्या पडद्यासाठी निघाला होता. अर्जेंटिनाच्या मिल्टन ग्वास्ती यांनी सुमारे दहा वर्षे खपून तो रंगीत स्वरूपात नव्याने उभा केला आणि ६ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे मेट्रॉइड मालिकेला तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, फुकट प्रसिद्ध केला. काही दिवसांतच निन्टेन्डोच्या वतीने अमेरिकेच्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली नोटिसा निघाल्या, डाउनलोडचे दुवे उतरवले गेले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ग्वास्ती यांनी पुढचे काम थांबवले. त्याच ऑगस्टमध्ये ‘पोकेमॉन युरेनियम’ या नऊ वर्षे चाललेल्या हौशी प्रकल्पाचेही तेच झाले; निर्मात्यांच्या सांगण्यानुसार तोवर तो पंधरा लाख वेळा उतरवून घेतला गेला होता. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’च्या चाहत्यांच्या निर्मितीसाठी असलेल्या विभागात दोघांचीही नावे आली, आणि नंतर ती गुपचूप काढण्यात आली.

यातली खरी मेख पुढच्या वर्षी कळली. सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डोने त्याच गेमची अधिकृत पुनर्निर्मिती ‘मेट्रॉइड: सॅमस रिटर्न्स’ या नावाने बाजारात आणली. एवढा गेम एका वर्षात उभा राहत नाही. नोटिसा निघाल्या तेव्हा आत काम चालू होते हे उघड आहे. कंपनी जुन्या गेमकडे ढुंकूनही पाहत नाही असे बाहेरून वाटत असते, आणि ते चूक आहे की बरोबर हे बाहेरच्याला समजायला काहीच मार्ग नसतो. ‘फुकट देतो’ या युक्तिवादाची अडचण इथेच आहे, कारण कंपनी जी वस्तू विकणार असते तीच आपण फुकट देत असतो.

माझ्या समजुतीप्रमाणे ‘रीमेक’ म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतो: खेळाचे नियम, प्रोग्राम, चित्रे-संगीत-पात्रे आणि नाव. प्रत्येकीचा धोका वेगळा असावा. कायद्याची माहिती असणाऱ्यांनी यावर लिहावे ही विनंती.

तळटीप

रहाटगाडगे, तुमची विभागणी योग्य आहे, आणि आपल्याकडच्या कायद्यातही ती जवळजवळ तशीच उतरते. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘व्हिडिओ गेम’ असा स्वतंत्र प्रकार नाही. प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो, चित्रे कलाकृतीत आणि सुरावट संगीतकृतीत. कलम १४ प्रमाणे नक्कल करणे, रूपांतर करणे आणि लोकांपर्यंत पोचवणे हे सर्व हक्क मालकाचे आहेत. कंपनी जपानी किंवा अमेरिकी असल्याने येथे फरक पडत नाही, कारण बर्न करार या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारातील देशांच्या कृतींना आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश, १९९९ मुळे भारतातही संरक्षण मिळते. मुदतीची आशाही नको. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे एवढी ती लांब असल्याने ऐंशी-नव्वदच्या दशकातला कोणताही गेम आपल्या हयातीत मोकळा होणार नाही.

पैसे न घेण्याचा मुद्दा उल्लंघन झाले की नाही हे ठरवताना फारसा उपयोगी पडत नाही, शिक्षा ठरवताना पडतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातील फायद्यासाठी ते केलेले नसेल तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा त्याहून कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात म्हटले आहे. एखाद्या हौशी गेमसाठी परदेशी कंपनी आपल्याकडे पोलिसांत जाईल असे मला वाटत नाही. प्रत्यक्षात घडते ते एवढेच की होस्टिंग सेवेकडे, म्हणजे आपल्या फाइली जालावर ठेवणाऱ्या कंपनीकडे, तक्रार जाते. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे अशी तक्रार आल्यावर मध्यस्थाने, म्हणजे या सेवेने, ३६ तासांत तो मजकूर लोकांसाठी बंद करायचा असतो, आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या फाइली अमेरिकी सेवांवर असतात, म्हणून व्यवहारात डीएमसीएच लागू होतो.

आठबिटी

एवढ्या कलमांची भीती घातली तर कोणी काहीच बनवणार नाही. आपल्या पिढीने काँट्रा आणि मारिओ खेळले ते नकली कन्सोलवर आणि एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटवर. मूळ कंपन्यांना त्यातला एक रुपया मिळाला नाही, आणि तरीही आज त्यांच्या नव्या गेमचे गिऱ्हाईक आपणच आहोत. चाहत्यांनी जुना गेम जिवंत ठेवला तर त्यात कंपनीचे नुकसान ते काय?

शिवाय ‘अनदर मेट्रॉइड २ रीमेक’ आजही जालावर सहज मिळतो, कारण नोटीस येण्याआधी तो हजारोंनी उतरवून घेतला होता आणि पुढे दुसऱ्या चाहत्यांनी त्यात सुधारणाही केल्या. मग शहाणपणाचा मार्ग असा की आधी गाजावाजा न करता काम पूर्ण करावे आणि एके दिवशी पूर्ण गेम सोडून द्यावा. ज्यांनी आधी चित्रफिती दाखवल्या ते पोळले. ‘क्रोनो ट्रिगर’वर आधारलेल्या ‘क्रिमझन एकोज’ला प्रकाशनाच्या तोंडावर, मे २००९ मध्ये, मूळ कंपनी स्क्वेअर एनिक्सचे पत्र आले आणि कित्येक वर्षांची मेहनत तशीच राहिली. आणि ज्या गेमची कंपनीच बुडाली आहे, त्यांच्यासाठी तर ही सगळी चर्चा गैरलागू आहे.

तळटीप

आठबिटी, शेवटचा मुद्दा आधी घेतो. कंपनी बुडाली म्हणून तिचे हक्क बुडत नाहीत. ते दिवाळखोरीत किंवा विक्रीत दुसऱ्याकडे जातात, आणि नवा मालक जुन्यापेक्षा कडक निघण्याची शक्यता बरीच असते. ‘बेवारस गेम’ हा चाहत्यांचा शब्द आहे, कायद्याचा नव्हे.

गुपचूप सोडून देण्याच्या युक्तीबद्दल एवढेच म्हणेन की तिने गेम वाचतो, माणसे वाचत नाहीत. जाणूनबुजून केल्याचा पुरावा आपणच तयार करून ठेवतो. शिवाय दहा वर्षांत कोणाचेही मत न घेता केलेला गेम चांगला होईल का, हा वेगळाच प्रश्न.

उंबरठा

नियम आणि दृश्यरूप यांतली सीमा कोठे आहे हे पाहायचे असेल तर टेट्रिस होल्डिंग विरुद्ध झिओ हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाचा २०१२ चा निकाल वाचण्यासारखा आहे. झिओने आयफोनसाठी ‘मिनो’ नावाचा गेम काढला. प्रोग्राम स्वतःचा, चित्रे स्वतःची, आणि नक्कल केल्याचे त्यांनी नाकारलेही नाही. त्यांचे म्हणणे होते की आम्ही फक्त नियम घेतले आणि नियमांना कॉपीराइट नसतो. न्यायालयाने तत्त्व मान्य केले. वरून पडणारे तुकडे जुळवून ओळी पूर्ण करायच्या ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. पण दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच मैदान, तुकड्यांचे आकार आणि रंगसंगती, तुकडा कोठे बसेल हे दाखवणारी सावली, पुढचा तुकडा दाखवण्याची पद्धत हे सर्व त्या कल्पनेसाठी अपरिहार्य नव्हते, आणि ते सरसकट उचलल्यामुळे झिओ हरली. म्हणजे पहिल्यापासून नव्याने लिहिले हा बचाव प्रोग्रामपुरता चालतो, पडद्यावर जे दिसते त्याला चालत नाही. आणि हौशी रीमेकचा तर हेतूच असा असतो की पडद्यावर तेच दिसावे.

‘स्ट्रीट्स ऑफ रेज रीमेक’चेही हेच झाले. सुमारे आठ वर्षे काम करून तो मूळ प्रोग्रामची एक ओळ न वापरता बांधल्याचे निर्माते सांगत होते. २०११ मध्ये शेवटची आवृत्ती निघाल्यावर थोड्याच दिवसांत सेगाने ती उतरवायला सांगितली. गंमत म्हणजे हीच सेगा दुसऱ्या बाजूला ‘सॉनिक’च्या हौशी निर्मितीकडे बरीच काणाडोळा करते. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिश्चन व्हाइटहेड यांनी स्वतःच्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत प्रोग्रामवर, ‘सॉनिक सीडी’ चालवून दाखवले, तेव्हा तिने त्यांनाच काम दिले. २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ त्यातूनच आला. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे, आणि एका मालिकेला दिलेली सूट दुसऱ्या मालिकेला मिळेलच असे नाही.

रहाटगाडगे (धागाकर्ता)

उंबरठा, निकाल चांगला सापडला. मग उलट प्रकारच्या प्रकल्पांचे काय, ज्यांत प्रोग्राम नवा असतो पण चित्रे-आवाज मुळीच दिले जात नाहीत आणि खेळणाऱ्याने स्वतःची मूळ प्रत आणायची असते? आमच्या गटात हा पर्यायही चर्चेत आहे.

उंबरठा

त्यात धोका कमी होतो, संपत नाही. प्रोग्राम कसा तयार केला यावर सगळे अवलंबून आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ आणि ‘व्हाइस सिटी’ यांचा मूळ प्रोग्राम उलगडून लिहिलेला ‘आरई३’ हा प्रकल्प गेमच्या फाइली देत नव्हता. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये मूळ गेमची कंपनी टेक-टूच्या तक्रारीवरून गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या सेवेने तो उतरवला. निर्मात्यांनी प्रतिनोटीस, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे लेखी उत्तर, दिल्यावर तो परत आला, आणि सप्टेंबरमध्ये टेक-टूने कॅलिफोर्नियात थेट दावा लावला. नोव्हेंबरमध्ये त्याच गेमची कंपनीने केलेली नवी आवृत्ती बाजारात आली. मेट्रॉइडचीच गोष्ट, फक्त वकील अधिक. प्रतिनोटीस देण्याआधी हे लक्षात असू द्यावे की डीएमसीएखाली तक्रारदाराने दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत दावा लावला नाही तरच मजकूर परत येतो. म्हणजे प्रतिनोटीस हे ‘दावा लावा’ असे आमंत्रणच असते.

‘ओपनटीटीडी’ने दुसरा रस्ता धरला. ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’चा हा नवा अवतार २००४ पासून आहे, आरंभी मूळ चित्रे लागत. स्वयंसेवकांनी चित्रे, आवाज आणि संगीत यांचे संपूर्ण नवे संच तयार केले, आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ गेमची एकही फाइल नसताना तो खेळता येऊ लागला. एवढे करायला सहा वर्षे लागली हेही सांगायला हवे.

तळटीप

उलगडण्याबाबत आपला कायदा बऱ्यापैकी उदार आहे. कलम ५२ मधील तरतुदींनुसार प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणारा माणूस, आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवू शकतो, ती सहज उपलब्ध नसेल तर. तसेच प्रोग्रामच्या मुळाशी असलेल्या कल्पना समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण आणि चाचणी करू शकतो. पण यातून शिकण्याची मुभा मिळते. जे उलगडले ते जवळजवळ जसेच्या तसे दुसऱ्या भाषेत लिहून वाटण्याची नव्हे. एकाने मूळ गेमचे वागणे पाहून वर्णन लिहावे आणि दुसऱ्याने, मूळ प्रोग्राम न पाहता, त्या वर्णनावरून लिहावे, ही जुनी पद्धत अजूनही सर्वांत सुरक्षित आहे. चार जणांच्या गटातही ती जमते, फक्त कोणी काय पाहिले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

आता नावाकडे येतो, कारण या धाग्यात त्यावर कोणीच लिहिले नाही, आणि माझ्या मते पहिली पडझड तिथेच होते.

आपल्याकडचा या विषयाला सर्वांत जवळचा निकाल व्हिडिओ गेमचा नसून स्क्रॅबल या पटावरच्या शब्दखेळाचा आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी स्क्रॅबलची जालावरची आवृत्ती ‘स्क्रॅब्युलस’ या नावाने काढली आणि फेसबुकवर ती प्रचंड चालली. अमेरिका आणि कॅनडात स्क्रॅबलचे हक्क हॅस्ब्रोकडे, इतरत्र मॅटेलकडे. मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर २००८ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने कॉपीराइटचा दावा मानला नाही: पट, रंगीत घरे आणि नियम हे खेळाच्या कल्पनेत इतके मिसळलेले आहेत की त्यांच्यावर वेगळी मालकी सांगता येत नाही. पण ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव ‘स्क्रॅबल’शी फसवे साम्य राखते असे ठरवून ते वापरण्यास मनाई केली. खेळ वाचला, नाव गेले. पुढे तो ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू राहिला.

कॉपीराइट न बजावल्याने जात नाही, म्हणून कंपनी दहा वर्षे गप्प बसू शकते. नावाला संरक्षण देणाऱ्या ट्रेडमार्कचे तसे नाही. ते दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येते, पण सलग पाच वर्षे आणि वर तीन महिने वापरले नाही तर नोंदवहीतून काढण्याचा अर्ज होऊ शकतो, आणि कोणीही वापरू लागले तर त्याची ओळख पातळ होते. म्हणून नावाच्या बाबतीत कंपन्या अधिक हळव्या असतात. ट्रेडमार्क कायदा, १९९९ चे कलम २९ ‘व्यापाराच्या ओघात’ केलेल्या वापराला लागू होते, त्यामुळे फुकट गेमला येथे युक्तिवादाची थोडी जागा आहे. देणगीचे बटण लावले की ती आक्रसते.

जे प्रकल्प तगले त्यांनी नावाची किंमत आधी मोजली आहे. ‘हाफ-लाइफ’ची पुनर्निर्मिती ‘ब्लॅक मेसा: सोर्स’ या नावाने सुरू झाली. हे व्हॉल्व्हचेच उत्पादन आहे असा गैरसमज होऊ नये म्हणून कंपनीच्या सांगण्यावरून ‘सोर्स’ हा शब्द गाळला, २०१२ मध्ये गेम फुकट निघाला, आणि नंतर व्हॉल्व्हने तो विकण्याची परवानगीही दिली. पूर्ण आवृत्ती मार्च २०२० मध्ये आली. ‘किंग्ज क्वेस्ट’च्या चाहत्यांना २००५ मध्ये विवेंडीचे पत्र आले, वाटाघाटी झाल्या, आणि शीर्षकातून मालिकेचे नाव काढून ‘द सिल्व्हर लायनिंग’ एवढेच ठेवण्याच्या बोलीवर बिगरव्यापारी परवाना मिळाला. पुढे हक्क ॲक्टिव्हिजनकडे गेले. नव्या मालकाने फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा काम थांबवायला लावले, चाहत्यांनी ओरड केली, परवानगी परत मिळाली आणि जुलैत पहिला भाग निघाला. परवानगी कोणाच्या सहीने आहे आणि मालक बदलल्यावर ती टिकते का, हे कागदावर पाहून घ्यावे.

सुरपेटी

संगीताबद्दल दोन ओळी. मूळ ध्वनिमुद्रण न घेता तीच धून स्वतः वाजवली की प्रश्न मिटतो असे अनेकांना वाटते. मुद्रण वेगळे आणि धून वेगळी. स्वतः वाजवल्याने फक्त पहिल्याचा प्रश्न सुटतो. आपल्या कायद्यातील कलम ३१सी खाली जुन्या गाण्याची नवी आवृत्ती मुद्रित करण्याचा वैधानिक (कायद्यानेच मिळणारा) परवाना आहे, पण तो ध्वनिमुद्रणापुरता आहे, पाच वर्षांनंतरचा आहे आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. हौशी गेमला त्याचा उपयोग नाही. नवी धून करावी. माझ्यासारखे कोणी ना कोणी फुकट करून देतेच.

माजघर

थोडा बाजूचा पण संबंधित प्रश्न. मला एक जुना साहस-गेम मराठीत आणायचा आहे. गेम वाटणार नाही. फक्त मूळ आणि मराठी आवृत्तीतला फरक असलेली छोटी फाइल देणार, जी खेळणाऱ्याने स्वतःच्या प्रतीवर चढवायची. यात काय अडचण?

तळटीप

माजघर, भाषांतराचा हक्क कलम १४ मध्ये मालकालाच दिलेला आहे, आणि तुमच्या फाइलीत त्या संवादांचे भाषांतरच असणार. मूळ फाइली न वाटल्याने नुकसान दाखवणे कंपनीला अवघड जाते, आणि अशा फायलींकडे कंपन्या सहसा लक्षही देत नाहीत. पण ‘यात काहीच नाही’ असे मी लिहून देणार नाही. तुमच्या बाबतीत मात्र परवानगी मागण्यासारखी परिस्थिती आहे. जुन्या साहस-गेमचे अनेक हक्कधारक लहान आहेत, मराठी आवृत्ती ते स्वतः कधी काढणार नाहीत, आणि पूर्ण रीमेकपेक्षा भाषांतराला हो म्हणणे त्यांना सोपे जाते.

रहाटगाडगे (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आम्ही नाव आणि मुख्य पात्र दोन्ही बदलण्याच्या बाजूने झुकलो आहोत. नियम आणि खेळाची गती मूळचीच राहील. खेळातल्या टप्प्यांची (लेव्हलची) रचना मात्र नवी करू, कारण टेट्रिसच्या निकालानंतर तीही जशीच्या तशी घेणे मला सुरक्षित वाटत नाही. मूळ गेमचे नाव वर्णनात ‘अमुक गेमपासून प्रेरित’ एवढ्यापुरते येईल. आठबिटी म्हणतील की मग तो तो गेमच राहिला नाही, आणि त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे.

आठबिटी

निम्मे नव्हे, पाऊण. पण दहा वर्षे घालवून शेवटी पत्र येण्यापेक्षा हे बरे, एवढे मान्य. खेळायला मी आहेच.

तळटीप

एक राहिलेली बाब, जी बाहेरच्या कंपनीची नसून तुमच्या गटातली आहे. नवी चित्रे आणि सुरपेटी देतील ती धून यांचा कॉपीराइट ती करणाऱ्याकडे असतो, गटाकडे नव्हे. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गेम जालावर जगभर जाणार असल्याने या दोन्ही ओळी कागदात हव्यात. हस्तांतरण नको असेल तर प्रत्येकाने आपले काम एखाद्या मुक्त परवान्याखाली देत असल्याचे लेखी कळवावे, तेवढेही पुरते. हौशी प्रकल्पातून एखादा चित्रकार भांडून बाहेर पडतो तेव्हा तोही तीच तक्रार त्याच होस्टिंग सेवेकडे पाठवू शकतो, आणि ३६ तासांचा नियम त्यालाही लागू आहे.

सुरपेटी

माझ्या धुनेसाठी सही करायला तयार आहे. कागद पाठवा.